केंदूरची तिसरी बैठक

सणसवाडी, ता. शिरूर
६ जानेवारी २००४

मारुतराव सर, नमस्कार.

मी अंजना. हितल्या सायबर कॅफेच्या काचंवर तुमचा कागद चिकटवलाय : 'घरगुती व पती-पत्नीच्या अडचणींवर ई-मेलने मोफत सल्ला. नाव गुप्त.' तो वाचून लिहिते. शेजारी बानूबाईची पिठाची गिरणी हाय. दळणाचा डबा नंबरला लावायचा आन् दळण होईस्तोवर हितं बसायचं. घरी सांगायचं, लाईट गेली व्हती. एवढाच वेळ माझा.

कम्प्युटरवरच्या तुमच्या पानावर नवऱ्याचं नाव आन् कंपनी भरल्याबिगर पुढं जाता येत न्हाई, म्हणून भरलंय. माऊली नाव. पत्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर हायत. बाहेर कुणाला अरे म्हणायचे न्हाईत. घरात आल्यावर बूट काढायच्या आधी मारतात. बूट काढून मारलं तर कमी लागतं, ते त्यांना पण ठाव हाय.

केंदूरला, सासरच्या गावी, माझ्यावरनं दोनदा बैठक झाली. बापूसाहेब आन् चार मोठी माणसं देवळापुढं गोल बसतात, दोन्हीकडचं ऐकतात. बाया घरात. मग नवऱ्यानं नारळ फोडायचा, मी सगळ्यांच्या पाया पडायचं आन् परत नांदायला जायचं. दोन्ही टायमाला घरी आल्यावर जास्त मारलं, चारचौघात नाव घेतलं म्हणून. कम्प्युटरवर बैठक बसत न्हाई, म्हणून तुम्हाला लिहिलं.

विचारायचं एवढंच. माझी पोरगी प्राची पहिलीला हाय. तिला घेऊन निघाले तर ती माझ्याकडं राहील का? आन् जायचं कुठं? माहेरात आता कुणी न्हाई.

अंजना


दौंड
८ जानेवारी २००४

सौ. अंजनाताई यांसी सादर नमस्कार.

आपला विरोप पावला. ई-मेलला 'विरोप' म्हणणारा दौंड तालुक्यात मी एकटाच असल्यामुळे त्या शब्दाचे पावित्र्य अद्याप अबाधित आहे.

प्रथम अस्मादिकांचा परिचय. मी संस्कृताध्यापक. विद्यार्थ्यांनी संस्कृताचा सामुदायिक त्याग केल्यापासून शाळेच्या ग्रंथालयात धूलिकणांचे अध्यापन करतो. समुपदेशनाचे प्रमाणपत्र टपालाद्वारे प्राप्त केले असून ते भिंतीवर, पालीच्या नित्य मार्गात, विराजमान आहे. मी आजन्म अविवाहित असल्याने विवाहविषयक माझे मत कोणत्याही अनुभवाने दूषित झालेले नाही.

आता प्रकृत विषय. आपल्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी पद्धतीचा विचार अपरिहार्य आहे. उभयपक्षांचे श्रवण हा न्यायाचा प्राण होय. एकाच पक्षाचे ऐकून दुसऱ्यास दोषी ठरवणे मजसारख्या निःपक्षपाती पुरुषास शोभणार नाही. 'कम्प्युटरवर बैठक बसत नाही' हे आपले वाक्य वाचून तर मी आसनावरून अर्धवट उत्थित झालो. का बसू नये? ग्रामबैठकीत चहा, तंबाखू आणि भावकीचे जुने वैर यांचा व्यत्यय असतो. येथे केवळ विशुद्ध विवेक! शिरूर-दौंड परिसरातील ही प्रथम विद्युत्-बैठक ठरेल. तिचे अध्यक्षपद मी अत्यंत संकोचाने, परंतु तत्काळ, स्वीकारतो.

सबब श्री. माऊली यांचे निवेदन मागवावे, असा मानस आहे. पुरुषाचा क्रोध विनोदाने विरघळतो, असा माझा सिद्धान्त आहे. त्याचा प्रयोग अद्याप कोणावर केलेला नाही.

आपला,
मारुतराव


सणसवाडी
१३ जानेवारी

सर, नको. पाया पडते तुमच्या. त्यांना काय बी लिहू नका.

तुमचं निम्मं मला कळलं न्हाई. कॅफेतल्या मोनालीनं समजावून सांगितलं. ती म्हणाली, सर मजेशीर हायत. असतील. माझी मजा कशी चाललीय ते सांगते.

परवा प्राचीच्या हातनं त्यांच्या बुटावर पाणी सांडलं. मी म्हणाले, माझ्या हातनं सांडलं. मी त्यांच्याच शर्टाला इस्त्री करत व्हते. त्यांनी माझं मनगट धरलं, इस्त्री उचलली आन् दंडावर टेकवली. ओरडायची सोय न्हाई, शेजारी भिंतीला भिंत लागून बिहारची पोरं राहतात. कातडं इस्त्रीला चिकटून निघालं. मग ती इस्त्री मलाच पुसायला लावली, उद्याचा शर्ट खराब व्हईल म्हणून. पोरगी दारात उभी. तिला आता आवाज न करता रडता येतं, सर. सहा वर्साच्या पोरीला.

केंदूरला सासूबाई असतात, सारजाबाई. त्यांचा डावा खांदा खाली उतरलाय. विहिरीवर पडले म्हणतात. कुणी पाडलं ते आम्हा दोघींनाच ठाव हाय, पण आम्ही एकमेकींशी ते बोलत न्हाई. लेकाच्या बाजूनं त्याच जास्त भांडतात.

पोरीचं तेवढं सांगा. डबा झाला, बानूबाई हाक मारतीय.

अंजना


दौंड
१५ जानेवारी
(टपालाने, कारखान्याच्या पत्त्यावर)

श्रीयुत माऊली, सुपरवायझर महोदय यांसी,

साष्टांग नसला तरी सविनय नमस्कार. आपला व माझा परिचय नाही, ही आपली हानी असून ती मी या पत्राने भरून काढत आहे.

आपले नामाभिधान साक्षात मातृवाचक. अशा नावाच्या पुरुषाने भार्येवर हस्तप्रयोग करावा, हा आपल्या बारशाचाच अवमान नव्हे काय? आपल्या सौभाग्यवती बानूबाईंच्या गिरणीत दळण होईपर्यंतच्या स्वल्प अवकाशात, लगतच्या संगणककेंद्रातून, मजकडे आपले दुःख निवेदन करत असतात. गव्हाबरोबर इतके सूक्ष्म दुःखही दळले जाते, हे मज पामरास नव्यानेच उमगले. महोदय, इस्त्री ही वस्त्रांकरिता असते. पत्नीस सुरकुत्या पाडण्याचे कार्य काळ विनावेतन करतोच. त्या घालवण्याचे दायित्व आपण कशास शिरावर घ्यावे?

मी आपणांस दोषी मानत नाही. आपलीही बाजू असेलच. ती निःसंकोच कळवावी.

आपला हितचिंतक,
मारुतराव


सणसवाडी
२२ जानेवारी

आदरणीय सर,

आपलं पत्र मिळालं. आमच्यात टपाल आधी टाईम ऑफिसला जातं, ते लोक फोडतात. त्यांना आपलं पत्र इतकं आवडलं, की कँटीनमध्ये मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. मी पण हसलो. बिहारच्या पोरांना कुणीतरी हिंदीत समजावलं, ती जरा उशिरा हसली.

सर, माझं चुकतं. डोक्याला प्रेशर असतं. टार्गेट, युनियन, वरचे साहेब. पण बायको कुठं बसते, कुणाला काय लिहिते, हे नवऱ्याला माहीत नसावं, ही माझी मोठी चूक आपण दाखवून दिली. त्याबद्दल आभारी आहे. इथून पुढं दळणाला मी स्वतः तिच्याबरोबर जाणार. तिची एकही तक्रार आपल्याकडं येणार नाही, शब्द देतो.

आपल्यासारखा विद्वान माणूस आमच्या गावात नाही. कधी केंदूरला बैठक बसली, तर आपण यावं.

आपला नम्र,
माऊली


दौंड
२४ जानेवारी

सौ. अंजनाताई,

जयघोष करावा असा प्रसंग आहे! आपण निषेध केला असताही मी आपल्या यजमानांस पत्र लिहिले. क्षमस्व, वैद्य रुग्णास विचारून कडू काढा देत नाही. प्रतिवादी पश्चात्तापदग्ध आहेत. त्यांचे पत्र विनयाचा आदर्श असून ते माझ्या पत्राचे जाहीर वाचनही झाल्याचे कळवतात. इतका श्रोतृवर्ग मला उभ्या सेवाकाळात लाभला नव्हता.

यापुढे ते दळणास स्वतः आपल्यासह येणार आहेत. सहधर्माचरणाचे याहून पौष्टिक उदाहरण कोणते? पोरीस घेऊन निघण्याचा आपला प्रश्न आता उद्भवतच नाही.

मारुतराव


दौंड
१९ फेब्रुवारी

सौ. अंजनाताई,

आपले उत्तर नाही. सुखी माणसे समुपदेशकास विसरतात, असे आमच्या पाठ्यपुस्तकात नमूद आहे. सबब हे मौन मी यशाचे प्रमाण मानतो. तथापि दोन ओळी लिहाव्यात. यश लेखी असलेले बरे.

मारुतराव


सणसवाडी
२ मार्च

सर,

मी सांगतीय आन् मोनाली टाईप करतीय. मला करता येत न्हाई, ते का ते सांगते.

तुमचं पत्र कँटीनमध्ये वाचलं, त्या दिवशी त्यानं मारलं न्हाई. दुसऱ्या दिवशी पण न्हाई. पोरीला गाडीवर बसवून केंदूरला आईकडं ठेवून आला. मग रविवारी म्हणाला, चल दळणाला. डबा स्वतः उचलला. बानूबाईला म्हणाला, 'मावशी, हिला लई दुःख हाय म्हणं, आन् ते तुमच्याकडं दळून मिळतं.' गिरणीत चार बाया व्हत्या, हसल्या. त्यांना काय ठाव. त्यानं डबा खाली ठेवला. माझे केस मुठीत धरले, उजवा हात मनगटाला धरला आन् चालू गिरणीच्या पट्ट्यात घातला.

दोन बोटं पट्ट्यानं नेली. तिसरं लोंबत व्हतं, ते डॉक्टरनं काढलं. पीठ तांबडं झालं. बानूबाईनं बटण बंद केलं तवा तो वाकून म्हणत व्हता, 'लिही आता.'

मीच पोलिसाला सांगितलं, पदर अडकला म्हणून. पोरगी त्यांच्याकडं असताना दुसरं काय सांगू? दवाखान्यातनं बानूबाईनं मला तिच्या घरी आणलं. रोज दोन टायमाला तो गिरणीसमोरनं गाडी हळू घेऊन जातो.

चौदा तारखेला केंदूरला तिसरी बैठक हाय. मी नांदायला गेले तर पोरगी दिसंल, न्हाई तर न्हाई, असा निरोप हाय. मी गेले तर ह्या वेळी मी जगत न्हाई, सर. हे मी रडून सांगत न्हाई.

तुम्ही म्हणाला तसं, हे लेखी दिलं.

अंजना


दौंड
३ मार्च

अंजनाताई,

आपले पत्र वाचले. काल लिहावयास बसलो, जमले नाही.

दळणाची वेळ मी त्यास कळवली. इस्त्रीचेही मीच लिहिले, आणि विनोद म्हणून लिहिले.

त्याचे मला आज पत्र आले आहे. बैठकीस 'अध्यक्षांच्या शेजारी' बसण्याचे निमंत्रण आहे. जाऊ की नको, ते आपण सांगावे. पोलिसांकडे चला म्हणाल तर मी शिरूरला येतो. जे सांगाल ते करीन. मी सुचवणार काही नाही.

केडगावला स्टेशनापासून जवळ मिशनचा जुना आश्रम आहे. निराधार बायकांना मुलांसकट ठेवून घेतात. आज शाळेतून तडक तेथे जाऊन विचारून आलो. मुलीला घेऊन या म्हणाले. हे उत्तर आपल्या पहिल्या प्रश्नाचे आहे. जानेवारीतच देता आले असते.

मारुतराव


सणसवाडी
९ मार्च

सर,

पोलिसाकडं न्हाई. पोलीस येईस्तोवर तो पोरीला कुठं नेईल ते कळायचं न्हाई.

तुम्ही बैठकीला या. बैठक देवळापुढं असती, तो आन् भावकीची झाडून सगळी माणसं तिथं. मला आन् पोरीला घरात ठेवतील सासूबाईबरोबर. घराच्या मागनं शेताची वाट हाय, ती थेट पाबळ रोडला लागती. तिथं बानूबाई वडापची जीप घेऊन थांबणार.

तुम्ही फक्त बोला. तुम्हाला जसं बोलता येतं तसं. कुणाला कळलं न्हाई तरी चालंल, कुणी उठलं नाय पाहिजे. बापूसाहेबांना शिकलेल्या माणसाचं बोलणं मधी तोडायची लाज वाटती, ते शेवटपर्यंत ऐकून घेतात.

कुठं बी थांबू नका.

अंजना


केडगाव, ता. दौंड
१८ मार्च
(टपालाने)

सर,

आम्ही दोघी पोचलो. हे पत्र हितल्या बाईंनी लिहून घेतलं, पण पुढचं मी डाव्या हातानं लिहितीय. बाईंना सांगायचं न्हाई.

तुमचा आवाज घरापर्यंत येत व्हता. काय बोलत व्हता ते कळत नव्हतं, पण चालू हाय एवढं कळत व्हतं. मी प्राचीला उचललं आन् मागच्या दाराला गेले. सासूबाई तिथंच बसल्या व्हत्या. त्यांनी पोरीचा पाय धरला. म्हणाल्या, 'तू जा गं, तुला काय करायचंय ते कर, पोरीला न्हाई न्यायची. पोरगी नेली तर तो मला जित्ती ठेवायचा न्हाई.' मी म्हणाले, 'आत्या, सोडा. तुम्ही बी चला.' त्या ओरडायला लागल्या.

पाट्यावर वरवंटा व्हता. मी तो डाव्या हातानं घेतला आन् त्यांच्या डोक्यात घातला. त्यांनी पाय सोडला न्हाई. परत घातला. तवा सोडला. भिंतीला टेकल्या आन् माझ्याकडं बघत राहिल्या. रक्त कानामागनं पातळात चाललं व्हतं. मी पळाले.

सर, त्या हायत का गेल्या? मला कुणी सांगत न्हाई, आन् मी विचारू कुणाला? गेल्या असतील तर मी पोलिसाकडं जाते, पण पोरीला हितं ठेवतील का ते आधी विचारा.

प्राची माझ्याजवळच झोपती. पण झोपायच्या आधी माझे दोन्ही हात उघडून बघती. उजव्यात बोटं न्हाईत ते बघून काय म्हणत न्हाई. डावा बघती आन् मग जरा लांब सरकती. त्याला काय करायचं?

अंजना


दवाखाना, शिरूर
२३ मार्च २००४

अंजनाताई,

आपले पत्र दौंडहून येथे फिरून आले. प्रथम उत्तर : सारजाबाई जिवंत आहेत. येथेच, व्हरांड्यापलीकडच्या बायकांच्या खोलीत आहेत. डोक्यास टाके आहेत. शुद्ध आहे, बोलतात.

आता बैठकीचे. मी विवाहसंस्थेच्या उत्पत्तीपासून प्रारंभ केला. ऋषींच्या आश्रमांत फिरवून मंडळींना स्मृतिकारांपाशी आणले. बापूसाहेब प्रत्येक वाक्यास मान डोलावत होते. तीन गृहस्थ निद्राधीन झाले. माऊली माझ्यासमोर मांडी घालून, समेटासाठी आणलेला नारळ मांडीवर घेऊन, हसत बसला होता. त्याने एकदा उठावयास म्हणून हात टेकला, तेव्हा मी त्याच्या नावाची व्युत्पत्ती सांगावयास घेतली. स्वतःविषयीचे ऐकावयास मनुष्य थांबतो. तो थांबला.

शेवटी शेजारची नकुशी ओरडत आली : 'म्हातारी पडलीय रक्तात! सून पोरीला घेऊन गेली!' मंडळी घराकडे धावली. माऊली धावला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. मी बोलणे थांबवले होते, हे त्याच्या ध्यानात आले. त्यावरून त्यास सर्व कळले.

नारळ हातात होताच. पहिला प्रहार जबड्यावर, दुसरा तोंडावर. मी आडवा झाल्यावर तो छातीवर बसला आणि मारत राहिला. त्याला घाई नव्हती. प्रत्येक प्रहारानंतर 'बोला सर' म्हणत होता. जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे दात गेले, एका डोळ्याने अजून अंधुक दिसते. नारळ शेवटपर्यंत फुटला नाही. बापूसाहेब परतले तेव्हा त्यांनी त्यास ओढून काढले आणि मला म्हणाले, 'सर, तुम्ही बी लई लांबवलंत.'

जबडा तारांनी बांधला आहे. माझ्या परिचितांमध्ये या वार्तेने समाधान पसरल्याचे कळते.

सारजाबाईंचा जबाब हवालदार कोंडिबा यांनी घेतला. तो त्यांनी मला वाचून दाखवला : 'लेकानं मारलं. वरवंट्यानं. पयल्यांदा न्हाई.' त्या जबाबावर माऊली कोठडीत आहे. माझ्या मारहाणीवरून त्यास ठेवता आले नसते. मी देवळाच्या पायरीवरून पडलो, असे भावकीतील सर्वांनी एकमुखाने सांगितले आहे.

काल दुपारी सारजाबाई भिंत धरत माझ्या खाटेपर्यंत आल्या. माझ्या बांधलेल्या जबड्याकडे पाहिले. मग विचारले, 'पोरगी पोचली का?' मी होकारार्थी मान हलवली. त्या परत गेल्या.

प्राचीच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नाही. आश्रमातील बाईंना सगळे खरे सांगून विचारा; अशा मुली त्यांनी पाहिलेल्या असतील. गिरणीत काय घडले, तेही आता पोलिसांना सांगा. बानूबाई साक्ष देण्यास तयार आहेत.

राहिले एक. आज सकाळी हवालदार पुन्हा आले. म्हणाले, 'सर, भावकीची माणसं म्हणत्यात, माऊली बैठकीतनं जागचा हलला न्हाई. म्हातारीचं खरं, का ह्यांचं? ह्यांनी तुम्हाला पायरीवरनं पाडलंय, तवा ह्यांच्यावर माझा इस्वास न्हाई. तुम्ही परगावचे, शिकलेले. तुमच्या समोर बसला व्हता. तो मधी उठून गेला व्हता का?' बोलता येत नाही म्हणून त्यांनी कागद आणि पेन पुढे केले.

तो माझ्यासमोरून क्षणभरही हलला नव्हता. आपले पत्र माझ्या उशीखाली होते.

मी लिहून दिले : 'त्या संपूर्ण काळात माझे लक्ष केवळ माझ्या भाषणाकडे होते.'

हवालदारांनी ते दोनदा वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाले, 'असंल. तुमचं असंलच.'

मारुतराव